आखूड दांड्याचे पाने

खंडेनवमी उद्यावर आली होती, आणि गोकुळदास पेडण्याच्या बाजारात गुरुदासच्या दुकानात पान्यांचे दोन सेट समोर घेऊन बसला होता. दर वर्षी हत्यारांच्या पूजेत एक तरी नवं हत्यार मांडायचं, असा त्याच्या घरचा रिवाज होता. त्याबरोबर एक नियमही होता. जो हत्यार मांडेल त्यानंच ते वर्षभर चालवायचं.

एक सेट लांब दांड्याच्या रिंगपान्यांचा होता. त्याच्या पेटीतल्या पान्यांशी जोडी जमणारा, मधली हरवलेली मापं भरून काढणारा. दुसऱ्यातले पाने आखूड, वीतभरही नाहीत.

"मेस्ता, लांबच घे," गुरुदास म्हणाला. मिस्त्री म्हणून सगळे गोकुळदासला अशीच हाक मारत. "आखूड घेवन काय सायकली दुरुस्त करतलंस?"

"सायकल बंद पडली तर ढकलूक येता, गुरुदासभाऊ," गोकुळदासची बायको शेवंती म्हणाली. "पंप ढकलून पाणी येता काय?"

गुरुदास हसला. गोकुळदास हसला नाही.

पूर्वी सुर्ल्याच्या खाणीवर तो ट्रक दुरुस्त करायचा. एके दिवशी जॅक सरकला आणि उजव्या हाताची दोन बोटं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याखाली सापडली. बोटं वाचली, पण मिटेनाशी झाली. मग तो इब्रामपूरला घरी परतला. गोवा मुक्तीनंतर गावात डिझेलचे पंप आले होते, ते दुरुस्त करू लागला. हाताचा जोर कमी पडला की पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाईप चढवायचा. खाणीवर सगळेच तसं करत. तांबड्या धुळीनं गच्च बसलेला चाकाचा नट त्याशिवाय हलतच नसे.

पण पंपाचा बोल्ट म्हणजे ट्रकचं चाक नव्हे. गेल्या उन्हाळ्यात बाबलीच्या पंपाचं झाकण आवळताना बोल्ट कटकन तुटला. दुसरा मिळेपर्यंत बाबलीची केळी करपली. पुढच्या खेपेला बाबलीनं दोडामार्गहून माणूस बोलावला. मग आणखी एकदोघांनी तेच केलं. असंच चाललं तर पेटी कायमची बंद करावी लागेल, हे गोकुळदासला कळत होतं.

घरी, मागच्या पडवीत, काम वेगळ्या रीतीनं चाले. तिथे पाना शेवंतीच्या हातात असे. तो सांगे, ती आवळे. लोकांच्या बागायतीत मात्र ती फक्त बॅटरी धरून उभी राहायची.

"लावून तरी बघ," गुरुदासनं कोपऱ्यातल्या नमुन्याच्या पंपाकडे बोट दाखवलं.

गोकुळदासनं लांब पाना उचलला. बोटं मिटेनात. त्यानं दांड्यावर मनगट टेकून अंगाचा भार टाकला, तसा पाना निसटून फरशीवर खणकन आपटला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

गुरुदासनं पाना उचलला आणि फडक्यानं पुसला. "तेलकट आसा मेलो," तो म्हणाला. पाना कोरा करकरीत होता.

गोकुळदास पंपापासून बाजूला झाला. मग आखूड पाना त्यानं शेवंतीपुढे धरला.

"तू आवळ."

"मी? हय?"

"हय."

तिनं पदर खोचला, नटाला पाना लावला आणि फिरवत नेला. एका जागी आपणहून थांबली.

"कित्याक थांबलंस?"

"आधी हलको फिरलो, मग घट झालो. ह्याच्या फुडे रेटलो तर परत मऊ लागतलो. तेव्हा बोल्ट तुटूक आयलो म्हणान समजाचा." ती आवाज उतरवून म्हणाली, "पाईप लावलो की हाताक ह्या कळणा नाय. बाबलीकडे तुमची चूक नव्हती. पायपाची होती."

ती मायेनं बोलत होती. पण पाईप आपोआप चढला नव्हता. चारचौघांत बायकोच्या हाती पाना द्यायची लाज वाटली, म्हणून त्यानंच तो चढवला होता. लांब सेट घेतला तर तो एकट्यानं काम करत राहिला असता, आणि पुन्हा कुणाचा तरी बोल्ट तुटला असता.

"आखूड बांध," तो गुरुदासला म्हणाला.

खंडेनवमीच्या सकाळी पाटावर त्यानं आपले जुने पाने मांडले. शेवंतीनं शेजारी आडाळी, तिची भाजी चिरायची विळी, ठेवली. नवा सेट जमिनीवरच होता.

"ह्यो रवलो," ती म्हणाली.

"तो तुझो. तू मांड."

ती पाटापुढे बसली. मग हात पुसून एकेक पाना मापानं लावू लागली. तेरा आणि चौदाची अदलाबदल झाली होती, ती तिच्याच लक्षात आली.

आरती आटोपते तोच बाबली दारात हजर झाला. "मेस्ता, पंप पाणी ओढणा नाय. तो दोडामार्गचो येतंय म्हणालो, पण त्याचो पत्तो नाय. तू येतलंस?"

"नट आवळूचा काम आता ही करता," गोकुळदास म्हणाला. "तिका विचार."

बाबली हसला. मग दुसरं कोणी हसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. "वहिनी, तो बोल्ट..."

"तुटाचो नाय," शेवंती म्हणाली. "पण आज हत्यारां पुजेक बसली हत, उचलूची नाय. उद्या दसऱ्याची पूजा झाली की आमी दोघां येतो."

बाबली उंबऱ्यापाशी घुटमळला. मग चपला काढून आत आला, पाटापुढे वाकून त्यानं हात जोडले आणि प्रसादासाठी शेवंतीपुढे ओंजळ धरली.