सुपारीचं खांडसुद्धा नाही

आनंदीबाई वाळिंब्यांचं नाक कसबा पेठेत प्रसिद्ध होतं. दूध नासायच्या आधी त्यांना कळायचं. शेजारच्या घरात डाळ लागली की पहिली हाक यांच्या खिडकीतून जायची. लोकांना त्याचं कौतुक वाटे. हे नाक कशावर तयार झालं होतं, ते मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा होता तोवर तो उंबरा ओलांडायच्या आत त्याचा श्वास ओळखावा लागे. आता थोरल्या माधवचा ओळखावा लागत होता. वेलदोडा चघळत आला तर किती घेतलीय आणि बडीशेप चघळत आला तर किती, हे त्या तो जिन्यात असतानाच वासावरून सांगू शकल्या असत्या. नवरा गेला तेव्हा त्यांनी पेठेला सांगितलं होतं, कावीळ झाली. पेठेनंही विश्वास ठेवल्यासारखं केलं होतं.

त्या गुरुवारी दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. माधवची बायको हेमा कापडी पिशवीत पुस्तक घालून बाहेर आली.

"वाचनालयात जाऊन येते, आई."

"परवाच तर आणलंस ना पुस्तक?"

"परवा नाही, गेल्या गुरुवारी. संपलं."

"एवढंसं पुस्तक बदलायला दुपार जाते तुझी. छापून आणतेस की काय?"

हेमा हसली नाही आणि रागावलीही नाही. चपला घालून जिना उतरली. आनंदीबाईंना हेच खटकायचं. पूर्वी ही सून टोमणा ऐकला की डोळ्यांत पाणी आणायची. गेल्या वर्षी तिच्या माहेरच्या पाटल्या कपाटातून गेल्या, चोरीचा आळ कामवाल्या बाईवर आला आणि ती बिचारी शिव्याशाप देत काम सोडून गेली. पाटल्या कुणी नेल्या आणि कुठल्या गुत्त्यात जिरल्या, हे सासूलाही माहीत होतं आणि सुनेलाही. दोघी त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यानंतर हेमा महिनाभर भिंतीकडे बघत बसायची. आणि मग तिनं हे वाचनालयाचं खूळ काढलं. आता ती फोडणी देतानाही वाचायची, मधेच स्वतःशी मान हलवायची. गुरुवारी परत यायची तेव्हा डोळे लाल असायचे आणि चेहरा मात्र हलका झालेला. लाल डोळे आणि हलका चेहरा! आनंदीबाईंनी उभा जन्म ज्यांचे असे चेहरे पाहिले होते, ते काही वाचनालयातून येत नव्हते. एकदा तर त्यांनी पाणी द्यायच्या निमित्तानं सुनेच्या तोंडाचा वाससुद्धा घेतला होता. वास होता चहाचा. म्हणजे ते नसलं, तर दुसरं काहीतरी. कुणीतरी असणारच.

एरवी त्यांनी अजून थोडी वाट पाहिली असती. पण रविवारी धाकट्या श्यामसाठी मुलीकडची माणसं घर पाहायला येणार होती. सुनीती नावाची मुलगी, शाळेत शिक्षिका, सगळ्यांना पसंत. श्याम अलीकडे शनिवारी शनिवारी मित्रांबरोबर बसायला लागला होता, आणि मग बुधवारीही. त्यावर आनंदीबाईंनी उपाय ठरवून टाकला होता: लग्न. पायात बेडी पडली की मार्गी लागेल. माधवच्या वेळीही हाच उपाय केला होता आणि माधव काही मार्गी लागला नव्हता. पण एकाला औषध लागू पडलं नाही म्हणून आपल्याकडे वैद्याला कोण दोष देतं? औषधालाच देतात. पेठेतही म्हणायचेच की सगळे, बायकोला काही नवऱ्याला धरून ठेवता आलं नाही.

हेमाच्या वेळी तिच्या आईनं याच खोलीत बसून भीत भीत विचारलं होतं, "मुलाला काही व्यसन वगैरे?" आणि आनंदीबाई हसून म्हणाल्या होत्या, "अहो, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही." ते ऐकून त्या माउलीनं सुटकेचा निःश्वास टाकला होता. आता रविवारी पुन्हा कुणीतरी विचारणार. ही हेमा पोह्यांचा ट्रे घेऊन तिथंच उभी असणार. ती काही बोलली तर? बाहेर ती कुणाला काय काय सांगते, हे आधी कळायलाच हवं होतं. आनंदीबाईंनी तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि चपला पायात सरकवल्या.

शनिवारवाड्यापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत त्या अंतर ठेवून चालल्या. पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी होती, तिथं हेमा दिसेनाशी झाली तेव्हा त्यांची खात्रीच पटली की आता ही रिक्षात बसणार. बसली नाही. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत शिरली. वर खरोखरच वाचनालयाची पाटी होती. आनंदीबाई जिना चढून गेल्या. काउंटरवर पुस्तक बदलून घेऊन हेमा मागच्या खोलीत गेली आणि दार लोटलं गेलं. दारापाशी पुष्कळ चपला होत्या, आणि सगळ्या बायकांच्या. या गोष्टीनं त्यांची थोडी निराशाच झाली.

त्या दाराच्या बाजूच्या कपाटाआड उभ्या राहिल्या. आत हेमा मोठ्यानं वाचत होती. घरी 'हो', 'नाही' आणि 'जेवायला वाढलंय' यापलीकडे न ऐकलेला तो आवाज ठणठणीत होता. कुठल्याशा कादंबरीत एका तांबटाची बायको संध्याकाळी कडीकडे कान लावून बसली होती. कडी कशी वाजते यावरून तिला रात्र कशी जाणार ते कळत असे. एका झटक्यात वाजली तर बरं, आणि चाचपडत वाजली तर...

आनंदीबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. ही तर आपल्याच घरातली कडी! हिनं बाहेर जाऊन सांगितलं आणि कुणीतरी मेल्यानं छापलंसुद्धा! त्या दार ढकलून आत घुसणारच होत्या. तेवढ्यात हेमानं पुढचं वाक्य वाचलं. कडी चाचपडत वाजली की ती बाई झोपलेल्या मुलांना उचलून भिंतीच्या कडेला सरकवायची आणि स्वतः मधे आडवी व्हायची.

त्यांचा हात दारावरच राहिला. मुलांना भिंतीकडे सरकवणं हेमाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. माधव तेव्हा जेमतेम शाळेत जात होता, श्याम तर पाळण्यातून नुकता उतरलेला. हे त्यांनी स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं. मग या लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं? आणि त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की अशी कडी आणखीही कुठल्या कुठल्या घरांत वाजत असेल.

आत वाचन थांबलं. एक खेडवळ आवाज म्हणाला, "आमच्याकडं बी असंच हाय बगा. जिमीन इकली न् पैका आला, आन् पैक्यासंगं बाटली आली. मला वाचता येत न्हाई, पर तुमी वाचलं की जीव गार हुतो. वाटतं, म्या एकलीच करमदरिद्री न्हाई."

"तेवढ्यासाठीच वाचायचं, शकूताई," हेमा म्हणाली. "मी तर भिंतीकडे बघत बसायची. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. पुस्तकात दुसरीची हकिकत वाचली आणि कळलं, की तिचं काही चुकलं नव्हतं. मग माझं तरी काय चुकलं होतं?"

"नवऱ्याचा राग येत न्हाई?"

हेमानं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"येतो. पण तो प्यायलेला असतो हो. मला फसवलं त्या दिवशी तो धड बोललासुद्धा नव्हता. मला फसवलं ते पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसानं. हसत हसत. माझ्या आईच्या हातात चहाचा कप देऊन."

आनंदीबाई जिना उतरल्या. घरी कशा आल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

शहाणपण असं एका दुपारी येत नसतं, आणि आलं तरी मुक्कामाला राहत नाही. शुक्रवारी त्यांच्या मनानं पुन्हा उचल खाल्ली. सुनीतीला काय झालं तर तिचं नशीब. श्याम आपला मुलगा आहे. शनिवारी रात्रीची भांडी आवरताना त्या म्हणाल्या, "हेमा, उद्या आईला भेटून ये की. पुष्कळ दिवस गेली नाहीस."

"उद्या पाहुणे आहेत ना? पोहे कोण करणार?"

"करीन मी."

हेमानं त्यांच्याकडे पाहिलं. "मी काही बोलेन म्हणून पाठवताय?"

"छे! तुझ्या आईची आठवण झाली एवढंच."

"झालीच पाहिजे," हेमा म्हणाली आणि पातेलं पालथं घातलं. ती गेली नाही.

रविवारी घर लखलखीत होतं. माधव दाढीबिढी करून बसला होता, श्यामनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि दोघांनाही पाहून कुणी म्हटलं असतं, काय सोन्यासारखी मुलं आहेत! मुलीचे वडील अनंतराव, तिची आई आणि स्वतः सुनीती आली. नोकरी, पगार, गावाकडचे नातेवाईक असं सगळं बोलून झालं. सुनीती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली होती. हेमाचं पुस्तक तिथं पडलं होतं ते तिनं सहज उचललं आणि चाळायला लागली. हेमा पोहे घेऊन आली आणि तिच्यापाशी थांबली.

अनंतरावांनी घसा साफ केला. "विचारू नये खरं तर. घर बघताच कळतं माणसाला. पण मुलीचा बाप आहे, म्हणून विचारतो. मुलाला काही सवयबिवय?"

आनंदीबाईंनी हेमाकडे पाहिलं. आता ही तोंड उघडणार, असं त्यांना वाटलं. पण हेमा त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती सुनीतीकडे बघत होती, आणि तिच्या हातातल्या बशीतला चमचा किणकिण वाजत होता. ही घाबरली आहे. आपल्याला नाही घाबरलेली, त्या पोरीसाठी घाबरलेली आहे. हिच्या वेळीही कुणीतरी असं घाबरायला हवं होतं.

"अहो, सुपारीचं खांडसुद्धा," आनंदीबाईंची जीभ सवयीनं बोलून गेली आणि तिथंच अडली. सगळे पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. अनंतराव तर हसायलाही लागले होते.

"खातो की नाही, मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "दारू पितो. आधी शनिवारी प्यायचा, आता मधल्या वारीही. हा थोरलाही पितो. माझ्या सुनेला मी हे सांगितलं नव्हतं. तुमच्या मुलीला सांगते आहे."

"आई! वेड लागलंय का तुला?" माधव ओरडला.

"प्यायला नाहीस तोवर ऐकून घे. पुन्हा अशी संधी मिळायची नाही."

अनंतरावांनी बशी खाली ठेवली. पुणेरी माणूस, त्यामुळे आवाज चढला नाही. "पोहे चांगले झालेत," ते म्हणाले. "निघतो आम्ही. आभारी आहे." सुनीतीनं पुस्तक होतं तिथं ठेवलं, दारापर्यंत गेली, परत आली आणि आनंदीबाईंना वाकून नमस्कार केला.

ती माणसं जिना उतरतात न उतरतात तोच श्याम उसळला. "पोटच्या पोराचं वाटोळं करणारी आई आज पाहिली!"

"वाटोळं तू करतोस. मी फक्त झाकण काढलं. उद्या डॉक्टरकडे जातोस का? मी येते बरोबर."

तो दार आपटून गेला. मागोमाग माधवही गेला. दोघं कुठं गेले ते सांगायला नको.

स्वयंपाकघरात हेमा बशा विसळत होती. आनंदीबाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आता सून काहीतरी गोड बोलेल, निदान हात तरी धरेल, अशी आशा त्यांना होती. माणूस एक चांगलं काम करतो आणि लगेच त्याचा मोबदला मागतो.

"माझ्या आईनं विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" हेमानं मागे न बघता विचारलं.

आनंदीबाई म्हणाल्या, "वाटलं, तू आलीस की सुधारेल."

"म्हणजे मला सून म्हणून नव्हतं आणलं. औषध म्हणून आणलं होतं."

"हो," आनंदीबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या गुरुवारी हेमानं पिशवी घेतली, तर आनंदीबाईंच्या पायात आधीच चपला होत्या.

"कुठं?"

"तू जातेस तिथंच."

"कशाला? मी काय सांगते ते बघायला?"

"ते गेल्या गुरुवारी बघून झालंय," आनंदीबाई म्हणाल्या. "या वेळी ऐकायला."

हेमानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. संशयानं घर सोडलं नव्हतं, फक्त एका बाईकडून दुसरीकडे गेला होता. आणि तो रास्तच होता. एका रविवारच्या खरेपणानं पाटल्या परत येत नाहीत. पण ती 'नको' म्हणाली नाही. दोघी जिना उतरल्या.

मागच्या खोलीत आनंदीबाई दाराशीच बसल्या. शकूनं सरकून जागा दिली आणि विचारलं, "तुमचा कोन पितो, काकू?"

"नवरा प्यायचा. त्यातच गेला. कावीळबिवीळ काही नव्हती. आता दोन्ही मुलं पितात."

"आन् तुमी?"

खोलीतल्या बायका हसल्या. आनंदीबाई हसल्या नाहीत. "मी लपवते," त्या म्हणाल्या. "त्याचीही सवयच लागते, बाई."

मग कुणी हसलं नाही. हेमानं पुस्तक उघडलं, तांबटाच्या बायकोचं पान काढलं आणि गेल्या वेळेपेक्षा थोडं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, दाराशी बसलेल्यांना ऐकू जाईल इतपत.

सुनीतीचं पुढं कुठं जमलं ते ठाऊक नाही. श्याम अजून डॉक्टरकडे गेलेला नाही. येत्या रविवारी या शहरात आणखी किती घरांत पोहे होतील, आणि मुलीकडचं कुणीतरी खाली मान घालून विचारेल, "मुलाला काही व्यसन?" त्या घरात कोण पितं आणि कोण नाही, हे आपल्याला बाहेरून कळायचं नाही. पण उत्तर देणारं माणूस त्या वेळी पूर्ण शुद्धीत असेल, एवढं मात्र नक्की.