पोटात फिरलेलं पातं

दोघी बहिणी. थोरली शाळेत खेळ शिकवायची आणि तिचा आवाज असा खणखणीत, की मैदानाच्या या टोकाला ओरडली तर त्या टोकाची मुलं ताठ उभी राहत. धाकटी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. भित्रे, धांदरट, स्टेअरिंग धरताच रडकुंडीला येणारे, सगळे तिच्या हाताखालून सरळ होऊन जायचे. केस पिकायला लागले तरी थोरली तिला चिंगीच म्हणायची.

चिंगीच्या गर्भाशयात गाठ निघाली, चांगली दोन मोसंब्यांएवढी. रक्तस्राव थांबेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गर्भाशयच काढून टाकू. पोट उघडायची गरज नाही, दुर्बिणीतून करू. चार छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी घरी.

थोरलीनं विचारलं, "एवढी मोठी गाठ एवढ्याशा भोकातून बाहेर येणार कशी?"

डॉक्टर हसले. "ते आमच्यावर सोडा."

दोघींनी त्यांच्यावर सोडलं. ऑपरेशन छान झालं. चिंगी लवकरच हिंडूफिरू लागली, टाके दाखवून "बघ, मुंगी चावल्यासारखे दिसतात" म्हणून हसली. आणि मग तपासणीला पाठवलेल्या गाठीचा निकाल आला. तीत कॅन्सर होता.

"अगदी दुर्मिळ प्रकार," डॉक्टर म्हणाले. "आधी ओळखू येत नाही. तुमचं नशीब." आणि त्यांनी दोघींना कॅन्सरच्या दवाखान्यात पाठवून दिलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गर्भाशय अखंड काढलं होतं, की तुकडे करून?"

"ते आम्हाला माहीत नाही," थोरली म्हणाली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. छोट्या भोकातून मोठी गाठ काढायची, तर एक नळी आत घालतात. तिच्या टोकाला गरगर फिरणारं पातं असतं. ते गाठ कापत जातं आणि तुकडे बाहेर ओढले जातात. कापताना बारीक कण पोटात उडतात. गाठ साधी असेल तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण आत कॅन्सर लपलेला असेल, तर तो पोटभर पेरला जातो.

"मग दुसरा काही मार्गच नव्हता?" थोरलीनं विचारलं.

"होता ना. चीर थोडी मोठी घेऊन अखंड काढता आलं असतं. किंवा आधी पोटातच एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या पिशवीच्या आतच कापतात. त्यानंही धोका शून्य होत नाही, पण खूप कमी होतो." बाईंनी चिंगीकडे बघितलं. "कॅन्सर त्या यंत्रानं झाला नाही, तो होताच. पण तो गाठीच्या आत होता."

आता तो पोटात जागोजागी होता. स्कॅनमध्ये दिसत होता.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक जुन्या दवाखान्यात गेली, चिंगीही हट्टानं सोबत आली.

"हजारो बायकांना या यंत्राचा फायदा झालाय," डॉक्टर म्हणाले. "एखादीच्या बाबतीत असं होतं."

"ती एखादी इथं बसलीये," थोरली कडाडली. "तिला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की पेशंट उगाच घाबरतात."

चिंगी खुर्ची पुढं ओढून बोलली. "डॉक्टर, माझ्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक आहे. बहुतेक लोक नीटच चालवतात. म्हणून मी तो काढून टाकू? आणि लोक घाबरतील म्हणून आरसा बघायला सांगू नको?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते.

दोघींनी मग तक्रार केली. ती या टेबलावरून त्या टेबलावर गेली. चौकशी झाली, आणि डॉक्टरांनी प्रचलित पद्धतच वापरली, चूक कुणाचीच नाही, असं ठरलं. पण दवाखान्यानं पिशव्या मागवल्या, आणि काही दिवसांनी दारात झगझगीत फलक लागला: 'आता आमच्याकडे पिशवीतून अधिक सुरक्षित शस्त्रक्रिया!'

चिंगीचे जुने स्कॅन आणायला गेलेली थोरली त्या फलकापुढे थिजून उभी राहिली. चिंगी तेव्हा घरी अंथरुणाला खिळलेली होती, औषधानं पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. आणि इथं तिच्या दुखण्याची जाहिरात लागली होती. 'आता' म्हणे! पिशवी काय काल जन्माला आली?

ती आत गेली. ओळीनं बसलेल्या बायकांसमोर उभी राहिली आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाली, "गर्भाशय काढायला आलेल्या कोण आहात? गाठ बाहेर कशी काढणार ते विचारा. अखंड, की तुकडे करून? पिशवीत, की उघड्यावर? उत्तर मिळेपर्यंत हलू नका. माझ्या बहिणीला हसून गप्प केलं होतं."

रखवालदार धावत आला. "बाई, चला बाहेर. इथं तमाशा नको."

कोपऱ्यातली एक बाई मांडीवरची पर्स उचलून सरकली आणि तिनं शेजारची जागा मोकळी केली.

"माझं परवा आहे," ती थोरलीला म्हणाली. "तुम्ही बसा इथं. नीट सांगा मला."

रखवालदाराला वळसा घालून थोरली तिच्याजवळ जाऊन बसली. पोटाशी हात धरून बसलेल्या आणखी दोघी उठून जवळ आल्या. थोरलीनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.