कुंकू लागलेला प्रिंटर

मी एक जुना लेझर प्रिंटर आहे. मित्रांनो, पुढचं ऐकण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. मला रंग येत नाहीत. काळं तेवढं येतं, पण असं ठसठशीत येतं की चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता यावं. याला कुणी गर्व म्हणालं तर खुशाल म्हणू दे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. कळू लागलं ते ठाण्याला, कोर्टाजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात. तिथे मी दिवसभर राबलो. अर्ज, करार, प्रतिज्ञापत्रं, जे म्हणाल ते छापलं. माझ्यातून निघालेला कागद गरम असतो. पावसाळ्यात तिथली माणसं तो आधी गालाला लावत आणि मग वाचत. माझं फार कौतुक होतं. पुढे तिथे नवा, झटपट छापणारा प्रिंटर आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्या डोक्यावर आधी फायली आल्या, मग छत्र्या, मग कुणाचा तरी जेवणाचा डबा. नव्याचे नऊ दिवस असतात हे मी ऐकून होतो. जुन्याचे किती असतात ते कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी मला एका दुकानात विकून टाकलं. तिथे नवे प्रिंटर पुढे मांडलेले असत आणि माझ्यासारखे जुने मागच्या फळीवर.

सत्त्याण्णव सालच्या गणपतीनंतर त्या दुकानात विमलाबाई आणि त्यांचे यजमान तानाजीराव आले. विमलाबाई ठाण्याच्या एका कंपनीत हिशेब लिहीत. कंपनी बंद पडली, तेव्हा त्यांनी ठरवलं की डोंबिवलीतल्या सोसायट्यांची बिलं, नोटिसा आणि हिशेब शेजारच्याच कोपरच्या आपल्या घरी बसून करायचे. कॉम्प्युटर घरात आला होता, प्रिंटर हवा होता. तानाजीरावांना रंगीतच हवा होता. दुकानदाराने शाईच्या रंगीत प्रिंटरवर एक पोपट छापून दाखवला, तो त्यांनी हातातून सोडला नाही. रंगीत लेझर मिळतो का, असंही त्यांनी विचारलं. दुकानदार हसला. म्हणाला, मिळतो, पण तो कपाटाएवढा असतो आणि त्या किमतीत टिटवाळ्याला खोली येईल.

विमलाबाईंनी पोपटाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी एकच विचारलं. आमचं काम महिन्यातून एकदोनदा, मग मधले दिवस हा बंद राहिला तर काय होईल? दुकानदार सरळ माणूस होता. शाई वाळते, नळ्या तुंबतात, काम असो-नसो अधूनमधून काहीतरी छापत राहावं लागतं, असं त्याने सांगितलं. आणि लेझरचं? लेझरमध्ये शाई नसतेच, कोरडी पूड असते, ती काय वाळणार?

विमलाबाई तानाजीरावांना म्हणाल्या, "ओली चटणी दोन दिवस टिकते, कोरडी महिनोन् महिने. आपल्याला कोरडी हवीय." आणि त्यांनी मागच्या फळीकडे बोट केलं. मित्रांनो, तो क्षण आठवला की मी आजही आतून गरम होतो.

कोपरच्या घरात खिडकीशी माझी जागा ठरली. तानाजीरावांनी पोपट भिंतीवर चिकटवला आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. घरात तिसरं माणूस म्हणजे तानाजीरावांच्या आई, रखमाबाई. साताऱ्याकडचं शेत दिराकडे सोपवून त्या नुकत्याच इथे राहायला आल्या होत्या. गॅस सुनेच्या हातात, पाणी नळाला, दळण गिरणीत. करायला काही उरलं नाही म्हणून त्या दिवसभर हात चोळत बसत.

विमलाबाईंना पहिलं मोठं काम समोरच्या सोसायटीचं मिळालं. तिथले चेअरमन श्रीपादकाका म्हणजे घड्याळ लावून चहा पिणारे निवृत्त गृहस्थ. त्यांनी सांगून ठेवलं होतं की सभेची नोटीस आणि हिशेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी पोचले पाहिजेत. पोचले तर वर्षभराचं काम विमलाबाईंचं, नाही तर ठाण्याचा एक माणूस तयारच होता. एक मोठी सोसायटी हाताशी आली की आजूबाजूच्या आपोआप येतात. न आल्या तर पुन्हा नोकरी शोधत हिंडायचं, हे विमलाबाईंना ठाऊक होतं.

मजकूर दोन दिवस आधीच तयार होता. पण नव्या कामाचा पहिला कागद साध्या दिवशी कसा काढायचा? साडेतीन मुहूर्तांपैकी एक तोंडावर आलेला. सगळ्यांनी ठरवलं, दसऱ्याला आधी प्रिंटरची पूजा, मग छपाई.

पूजा रखमाबाईंनी केली. गावी त्यांनी नांगर पुजला होता, विळे पुजले होते. हातचं राखून काही करायची त्यांना सवय नव्हती. मला झेंडूची माळ घातली, हळद लावली, कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता भक्तिभावाने माझ्यावर उधळल्या. माझं तोंड तर वरच्या बाजूला आणि कायम उघडं. निम्म्या अक्षता पोटात गेल्या.

विमलाबाईंनी बटण दाबलं. मी जोर लावला. कर्रकर्र आवाज झाला, कागद अर्ध्यात चुरगळला आणि मी बंद पडलो. सणाचा दिवस, दुरुस्तीची दुकानं बंद. तानाजीरावांनी भिंतीवरच्या पोपटाकडे बघितलं. रखमाबाई मात्र मटकन खाली बसल्या. "माझ्या हातनं झालं गं सूनबाई," त्या म्हणाल्या. "तुझं काम घालवलं म्या."

विमलाबाईंनाही रडू येत होतं, पण त्यांनी आधी माझी पिन काढली, मला थंड होऊ दिलं आणि पुडीची डबी बाहेर काढून चादरीत गुंडाळली. मग आत डोकावून म्हणाल्या, "आत्या, माझी बोटं जात नाहीत. तुमचा काटा काढायचा चिमटा आणा बरं."

रखमाबाईंनी जन्मभर तांदळातले खडे वेचले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी खड्यातून तांदूळ वेचले, म्हणजे माझ्या पोटातून. पदर खोचून, जीभ दातांत धरून एकेक दाणा बाहेर काढला. शेवटी चिमट्यालाही न सापडणारे दाणे उरले, तेव्हा माय-लेकांनी मला दोन बाजूंनी धरलं आणि चक्क सुपात धान्य पाखडावं तसं पाखडलं. इतका अपमान माझा वकिलांकडेही झाला नव्हता. पण दाणे पडले.

मी पुन्हा सुरू झालो. अक्षर तेच, ठसठशीत. फक्त आतल्या चाकांना कुंकू लागलं होतं, त्यामुळे पहिल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक नोटिशीच्या वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटला. पुढे तो फिका होत होत गेला. ते कागद फेकून पुन्हा छापायला ना कोरे कागद शिल्लक होते, ना वेळ. सकाळी आहेत तशाच नोटिसा वाटल्या गेल्या.

दुपारी श्रीपादकाका नोटीस हातात घेऊन दारात उभे राहिले. चेहरा गंभीर.

"विमलाताई," काका म्हणाले, "तिसऱ्या मजल्याची तक्रार आहे. खालच्यांच्या नोटिशीला कुंकू आहे, त्यांच्या नाही. सणाच्या दिवसांत असा भेदभाव बरा दिसत नाही."

रखमाबाई करंडा घेऊन उठल्याच. काका त्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले आणि उरलेल्या नोटिसांना रखमाबाईंनी स्वतःच्या बोटाने कुंकू लावलं. परत आल्यावर काकांनी वर्षभराची कागदपत्रं टेबलावर ठेवली. अट एकच घातली, कुंकू लावायला आजीच हव्यात.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण आधी त्यावर कापड टाका. रखमाबाई आता तसंच करतात. आणि नुसत्या दसऱ्याला नाही, मधल्या रिकाम्या दिवसांतही त्या मला जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने पुसतात. रोज लागणाऱ्या वस्तूची आठवण आपोआप राहते. कधीतरीच लागणाऱ्याला मात्र आठवणीने जपावं लागतं. परवा मला पुसता पुसता रखमाबाई हळूच म्हणाल्या, "तुझं नि माझं सारखंच की रे. कवातरीच लागतो, पन लागतो."