पूजेतली पहिली आवृत्ती

कव्हर तुम्ही फाडलंत. बाइंडरचं नाव पुढं करू नका. तो सांगितलेलं काम करतो. हुकूम तुमचा होता, आणि त्या दिवशी कार्यवाहाच्या खुर्चीवरही तुम्हीच बसला होता.

सरस्वतीपूजनाची सकाळ होती. बिंदुमाधवरावांना हाताला धरून मी तुमच्या वाचनालयाच्या पायऱ्या चढवल्या होत्या. मोतीबिंदूमुळं त्यांना माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. तुम्ही त्यांच्यापुढं काळ्या रेक्झिनचं एक जाडजूड बाड ठेवलंत. ते त्यावरून हात फिरवत राहिले.

"हे नव्हे," ते म्हणाले. "मला अंबुबाईंचं पुस्तक पाहिजे. दरवर्षी आजच्या दिवशी नेतो ते."

"तेच की हो, आत आहे. पातळ पुस्तकं कपाटात उभी राहीनात. चार-चार एकत्र बांधून घेतली. आता काही होत नाही त्यांना."

"कव्हर?"

"तेलकट झालं होतं, बिंदुमाधवराव. हळद काय, कुंकू काय! पुस्तक होतं की देवघरातलं ताम्हन?" तुम्ही हसलात. "कडाही कापून सरळ केल्या. बघा तरी, कसं नीट दिसतंय."

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

तुम्हाला तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच दिसत नव्हतं.

बिंदुमाधवरावांबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे? पुस्तकं घेताना हार घातलात, फोटो काढलात, तेवढंच. हा माणूस कापडगिरणीत टाइमकीपर होता. जन्मभर दुसऱ्यांचा उशीर लिहीत बसला. रविवार आला की कॉटनपेटेतल्या खोलीला कुलूप लावायचा आणि आपल्या लोकांची जुनी घरं धुंडायचा. गेल्या शतकाच्या शेवटी छापलेली मराठी कवितेची पुस्तकं, तीही पहिल्या आवृत्तीची. दुसरं व्यसन नव्हतं. बायको गेली, मुलगा जमशेदपूरला गेला, हे चालूच राहिलं.

एकदा मीच त्यांना म्हटलं, "अण्णा, यातलं पुष्कळ मागाहून पुन्हा छापलंय. कोरं मिळतंय ते सोडून हे फाटकं कशाला गोळा करता?"

"व्यंकोजी, पहिल्यांदा माणूस मनातलं बोलतो. दुसऱ्यांदा बोलतो तेव्हा चार लोकांकडं बघून बोलतो."

या कानडी गावात ती पुस्तकं टिकली कशी, ते ऐका. आपली घरं इथं पिढ्यान् पिढ्या राहिली. घरात मराठी बोलायची, शाळेत कन्नड शिकायची. बोलणं राहिलं, वाचणं गेलं. मग आजीच्या पेटीतून मराठी पुस्तक निघालं की ती पोथीच, असं ठरून गेलं. लाल फडक्यात बांधायचं, नवरात्रात मूळ नक्षत्राला पाटावर मांडायचं, कुंकू लावायचं, विजयादशमीला उचलून ठेवायचं. उघडून कोणी बघायचं नाही. एका घरात तर सावकाराला शिव्या घातलेल्या कवितांपुढं मी समई तेवताना बघितली आहे. बिंदुमाधवराव अशा ठिकाणी हसत नसत. चपला काढून, नमस्कार करून बसत.

बसवनगुडीत अंबुबाईंच्या घरी आम्ही गेलो तो असाच दसरा होता. चौपन्न साल असेल. बाई विधवा, एकट्या. पाटावर हळदीनं पिवळं पडलेलं एक पातळ पुस्तक होतं. पहिलं पान उलटताच बिंदुमाधवरावांनी ते ओळखलं. एका शाळामास्तरनं स्वतःच्या बायकोवर केलेल्या कविता. लोकांनी नाकं मुरडली म्हणून दुसऱ्या आवृत्तीत मास्तरनंच त्या गाळल्या आणि तिथं नीतिपाठ घातले. ज्या पुस्तकासाठी बिंदुमाधवरावांनी बेळगाव-धारवाड पालथं घातलं, ते इथं, गांधी बझारपासून चार पावलांवर, नैवेद्य खात बसलं होतं.

"वाचून दाखवा की अण्णा," अंबुबाई म्हणाल्या. "सासूबाई होत्या तेव्हापासून कुंकू लावते मी. आत काय आहे कोणाला ठाऊक?"

"देवाचं नाही हो, अक्का."

"मग कोणाचं?"

"एका मास्तरचं. बायकोवर."

"स्वल्प वाचा तर खरं."

त्यांनी वाचलं. बायको गच्चीवर केस वाळवते आहे आणि मास्तर पोरांच्या पाट्या तपासायच्या सोडून जिन्यात उभा आहे, एवढीच कविता. अंबुबाईंनी तोंडाला पदर लावला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

"अय्यो! आणि सासूबाई याला साखर-फुटाणे दाखवायच्या! सोवळ्यात!" मग जरा थांबून म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाचा."

पुस्तक मागताना बिंदुमाधवरावांची मान खाली होती. बाई म्हणाल्या, "न्या. मला वाचता येत नाही, इथं ठेवून काय करू? पण सरस्वतीपूजनाला आणायचं. विजयादशमीला परत न्या."

मी मधे बोललो, "अक्का, पोथी नाही हे आता कळलं की."

"कळलं म्हणून काय झालं? बायकोवर एवढं लिहिलंय मेल्यानं. त्याला एक बोट कुंकू नको?"

तेव्हापासून दर दसऱ्याला धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ते पुस्तक बसनं बसवनगुडीला जायचं आणि परत यायचं. तापात नेलं, संपात बस बंद होत्या तेव्हा चालत नेलं. बाई दरवर्षी कव्हरावर नवीन जागा शोधून बोट टेकवायच्या.

डोळे गेले तेव्हा बिंदुमाधवरावांनी सगळा संग्रह तुम्हाला दिला. दोन गोष्टी सांगितल्या. पुस्तकं आहेत तशी ठेवा, आणि अंबुबाईंचं पुस्तक दसऱ्याला द्या. तुम्ही म्हणालात, "सरी, सरी, ठीक आहे, त्यात काय!" मी त्यांना म्हटलं होतं, लिहून घ्या. "शब्द दिलाय त्यांनी," म्हणाले. ही चूक त्यांची, ती मी तुमच्या माथी मारत नाही.

तर ते बाड. "इथलं पुस्तक खरं तर बाहेर जात नाही," असं ऐकवून तुम्ही ते आम्हाला दिलंत. बसमध्ये ते मांडीवर घेऊन बिंदुमाधवराव बसले होते. सगळ्या रस्त्यात एकदाच बोलले.

"जड झालंय रे."

अंबुबाईंकडं इकडच्या दसऱ्याच्या रीतीनं लाकडी पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, पाट धुऊन रांगोळी घातली होती. बाईंनी बाड दोन्ही हातांनी घेतलं, उलटंपालटं केलं.

"यात आमचं कुठलं, अण्णा?"

बिंदुमाधवरावांना शोधता येईना. मी शोधलं. तिसरं होतं.

"केसांची कविता आहे का रे?" बिंदुमाधवरावांनी विचारलं.

होती. मी वाचायला लागलो आणि अडखळलो. कडा सरळ करताना तुमच्या माणसानं ओळींची टोकं उडवली होती. प्रत्येक ओळीला शेवटचा शब्द अर्धा, नाहीतर नाहीच. मी थांबलो की बिंदुमाधवराव तो शब्द हळूच म्हणायचे. मी पुढची ओळ वाचायचो, पुन्हा थांबायचो, पुन्हा ते म्हणायचे. अशी ती कविता आम्ही दोघांनी मिळून संपवली. या वेळी बाई हसल्या नाहीत.

"बाकीची तीन कोणाची?"

"दुसऱ्यांची, अक्का. चांगली माणसं आहेत."

"असतील. पण या काळ्यावर बोट कुठं टेकवू मी? कुंकू दिसायचं सुद्धा नाही."

त्यांनी बाड माझ्या हातात दिलं, पदरानं पाट पुन्हा एकदा पुसला आणि रिकाम्या लाकडावर हळदकुंकू वाहिलं. मग आम्हाला उसळ दिली, कॉफी दिली. रागाचा एक शब्द नाही. राग असता तर बिंदुमाधवरावांना सोपं गेलं असतं. निघताना बाईंनी एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी आमचं आम्हाला मिळेल का, अण्णा?"

"विचारून सांगतो," ते म्हणाले.

त्यानंतर ते घराबाहेर पडलेले नाहीत. बसवनगुडीचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करतात. म्हणून विचारायला मी आलो आहे. ते कव्हर कुठल्या कचऱ्यात टाकलंत ते सांगू नका, मी तिथं बघून आलो. नियमही सांगू नका. तुमच्या शब्दावर विसंबून त्या माणसानं त्या बाईला दिलेला शब्द तुमच्या हाती सोपवला होता. दसरा पुन्हा येईल, बाई पाट धुतील. त्यावर त्यांनी काय ठेवायचं? बोला.