दीड सेकंदाचा गोता

कॅसेटच्या फितीची रुंदी चार मिलिमीटरांपेक्षा थोडी कमी असते. माझ्याजवळच्या एका फितीवर, गाणं सुरू झाल्यावर दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी, बोटभर लांबीची सुरकुती येते. ती पुढे सरकायला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गिटारचा आवाज खाली बुडतो आणि पुन्हा वर येतो, विहिरीत बुडी मारणाऱ्यासारखा. मित्रांनो, ती सुरकुती मी पाडली. मी राजुरीतला एक जुना टेपरेकॉर्डर आहे.

जुन्नरच्या एका दुकानातून दादाभाऊंनी मला घरी आणलं. ते शेती करत आणि लग्नसराईत बेंजो वाजवत. बटणांचं आणि तारांचं हे वाद्य भोंग्याला जोडलं की वरातीत सगळ्यांत पुढे त्याचाच आवाज. दादाभाऊ प्रत्येक गाणं माझ्याकडून शिकत. दोन ओळी ऐकायच्या, मला थांबवायचं, वाजवायचं, पुन्हा मागे न्यायचं. माझं मागे नेण्याचं बटण त्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालं आहे.

एकदा पिंपरीच्या कारखान्यातल्या मित्राने त्यांना एक कॅसेट दिली. परदेशातल्या चौघांचं जुनं रॉक गाणं होतं ते. वर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘इंग्रजी, जोरात’. पहिल्याच खेपेला, गाणं मध्यावर आलं असताना, मी ती फीत चावली! दादाभाऊंनी पेन्सिल घालून ती हलकेच गुंडाळली, नखाने सपाट केली, पण सुरकुती राहिलीच. मूळ गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून तो गोताही गाण्यातलाच समजून त्यांनी मन लावून बसवला.

आणि काय सांगू! त्या गोत्यावर अख्खी वरात गुडघ्यात वाकून उठायची. नवरदेवाचे जाडजूड मामासुद्धा. ‘दादाभाऊंचं इंग्रजी होऊ द्या!’ ही फर्माईश मी टेंपोत बसून कितीदा ऐकली.

पुढे मोबाईल आले. माझा आतला रबरी पट्टा तुटला आणि मी बारा वर्षं फडताळात, पापडाच्या डब्याखाली, गप्प राहिलो.

दादाभाऊंची नात वृषाली पुण्यात भौतिकशास्त्र शिकते. बेंजो ती आजोबांकडे शिकली, पण वाजवायची घरातच. दादाभाऊंची बोटं थरथरू लागली, तेव्हापासून तिचा एकच प्रश्न होता, “आबा, वरातीत मी वाजवू?” तीन वर्षं उत्तरही एकच होतं, “बघू.”

आजी साळुबाई म्हणायच्या, “मला पसंत करायला आले व्हते तवाबी बघूच म्हणले. माझा बाप दोनदा चहा टाकून दमला.”

या वर्षी शिनोलीच्या आदेशच्या लग्नाची सुपारी आली. लग्न आठवड्यावर असताना दादाभाऊंच्या बेंजो पार्टीतला कॅसिओवाला अमृत मोबाईल घेऊन आला.

“आबा, ओरिजनल ऐका. आपला गोता यात न्हाईच राव!”

दादाभाऊंनी ते तीनदा ऐकलं. मग बेंजो पेटीत ठेवून झाकण लावलं.

“पस्तीस वर्षं चुकीचं वाजवलं मी. पोरीलाबी चुकीचंच शिकवलं. शिनोलीला दुसरा बेंजोवाला बघ.”

सुट्टीला घरी आलेली वृषाली वाद घालत बसली नाही. तिने मला उघडलं, धूळ पुसली, जुन्या पट्ट्याची लांबी मोजून नवा आणला. तो बसताच मी फिरू लागलो. बारा वर्षांनी! मग चार दिवस ती मोबाईल घेऊन गावोगाव हिंडली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर सगळे बसले. आधी मी वाजलो, गोत्यासकट. मग तिने मोबाईलवर टिपून आणलेली घाटघरच्या जानकूंची सनई लावली, तेच गाणं. चाल संथ, मधे श्वास घेतलेला, पण गोता जागच्या जागी. शिनोलीच्या ब्रास बँडचे तीन ट्रम्पेट कुठेच एकत्र नव्हते. गोत्यावर मात्र तिघेही एकत्र बुडाले आणि ओसरीवर हशा पिकला. घोडेगावच्या एका कॉलेजकन्येच्या गिटारीतही गोता होता.

“आता बाहेरचे ऐका,” वृषाली म्हणाली. दूरदेशीच्या लोकांनी आपापल्या पद्धतीने केलेली त्याच गाण्याची सात रूपं तिने लावली. कुणी पियानोवर, कुणी अगदी हळू. सातही सुरेख. गोता एकातही नाही.

“आबा, ज्यांनी ज्यांनी हे तुमच्या वरातीत ऐकलं, त्यांच्याकडेच गोता आहे. बाकी जगात कुठेच नाही. जानकूकाका काय म्हणाले, ऐका.”

मोबाईलमधून जानकू म्हणाले, “गोता काढला तर नाचायचं कुठं, पोरी?”

दादाभाऊ खदखदून हसले. डोळे पुसून त्यांनी माझं ते गुळगुळीत बटण दाबलं आणि सुरकुतीची जागा पुन्हा एकदा ऐकली.

मित्रांनो, तुमच्याही फडताळात माझ्यासारखा कुणी असेल. टाकून देण्याआधी त्याला एकदा उघडून पाहा. कदाचित पट्टाच तेवढा तुटला असेल. आणि त्याच्या पोटात तुमच्या गावाची एखादी गोष्ट असेल, जी दुसरीकडे मिळणार नाही.

दादाभाऊंनी पेटी उघडली आणि बेंजो काढून वृषालीच्या मांडीवर ठेवला.

“आता तरी तोंडानं बोला,” साळुबाई म्हणाल्या.

“अमृत,” दादाभाऊ म्हणाले, “उद्या शिनोलीला बेंजो वृषाली वाजवणार. गोत्यासकट.”