बाजूचा फोटो

सोनीबाई पहिल्यांदा आली ती मार्कंड्याच्या जत्रेहून. नदीच्या पायऱ्यांवर पाय घसरला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट टम्म फुगलं होतं आणि सहा काचेच्या बांगड्या त्या सुजेत रुतून बसल्या होत्या.

तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या जोयाला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

"मावशी, बांगड्या काढा लागतीन."

"निघत नाई त्या. अन् फोडू तं बिलकुल नोको. मालक मिरची तोडाले तेलंगणात गेला. तो तिकडं, अन् मी इकडं हात भुंडा करून बसू?"

बाहेर रांग लागली होती. शिवाय जोयाला बाईचं मन मोडवेना. "बरं, राहू द्या," ती म्हणाली.

मनगटाचे फोटो दोन काढायचे असतात, एक समोरून आणि एक बाजूने. समोरच्या फोटोत बांगड्यांच्या पांढऱ्या रेघा नेमक्या लहान हाडांवर आल्या. बाजूचाही तसाच वाया जाणार, म्हणून तिने तो काढलाच नाही. मनगटाच्या मधोमध एक छोटं हाड असतं. समोरून ते चौकोनी दिसायला हवं, पण रेघांच्या आड ते त्रिकोणी वाटत होतं. जोयाची नजर तिथे अडखळलीसुद्धा. पण बांगडीची सावली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. डॉक्टरांनी त्या एकाच फोटोवरून लचक लिहिली आणि पट्टी बांधून दिली.

सात आठवड्यांनी सोनीबाई परत आली. सूज उतरली होती, बांगड्या सहज कोपराकडे सरकल्या. मनगटाला तळव्याच्या बाजूने टेंगूळ आलं होतं आणि तीन बोटं बधिर पडली होती. या वेळी जोयाने बाजूचा फोटो आधी काढला. कोपराखालच्या हाडावर वाटीसारखं नीट बसायला हवं ते मधलं छोटं हाड तळव्याकडे कलंडलं होतं, सांडलेल्या वाटीसारखं.

"चंद्रपूरले पाठवू," डॉक्टर हळूच म्हणाले. "पण लई उशीर झाला. हात पहिल्यासारखा होईन असं वाटत नाई."

सोनीबाई बाहेर बाकावर बसली होती. "पोरी, पंधरा दिवसांत तेंदूपत्ता तोडणं सुरू होते. तेंदूचे पुडे बांधता येतीन ना मले?"

"यंदा नाई, मावशी." जोया तिच्याशेजारी बसली. "पुढचंही सांगता येत नाई. हे तेव्हाच दिसाले पाहिजे होतं. बांगड्यांनी हाड झाकलं, अन् दुसरा फोटो मी काढलाच नाई. चूक माझी आहे."

"बांगड्यांपायी?"

"तुम्ही नाई म्हटलं, म्हणून मी..."

"मी नाई म्हणनच ना! मले का समजते तुझ्या फोटोतलं? हात जाईन असं तू सांगतलं होतं का? सांगतलं असतं तं इथीच गोट्यानं वाढवल्या असत्या. नव्या भरता येतात बांगड्या."

बाईचं मन राखलं, असंच जोया सात आठवडे समजत होती. खरं तर तिने बाईला काही विचारलंच नव्हतं.

ती आत गेली. चंद्रपूरच्या चिठ्ठीखाली तिने लिहिलं, 'पहिल्या वेळी एकच फोटो काढला,' आणि खाली स्वतःची सही केली.

चिठ्ठी आणि फोटोंचं पाकीट सोनीबाईने उजव्या हाताने घेतलं. ते निसटलं. जोया उचलायला वाकली, पण सोनीबाईने तिला थांबवलं, डाव्या हाताने पाकीट उचलून बगलेत धरलं आणि बस स्टँडची वाट धरली.