हर्षालीच्या नावावर माझे केस

मित्रांनो, मी माकणी गावची एक म्हातारी काळी शेळी आहे. धरणाकाठच्या गवतावर वाढले, सिताबाईंच्या गोठ्यात व्याले. माझ्या दुधाचं गल्लीत कौतुक होतं. दूध आटलं, तशी मी कोपऱ्यात गेले.

सिताबाईंची सून हर्षाली. जेवली की तिचं पोट फुगायचं, दुखायचं. तिचा नवरा प्रेम याने मोबाईलवर जाहिरात पाहून एका कंपनीकडे तिचे केस तपासायला पाठवले. ज्वारी, गहू, तूर, शेंगदाणे, दूध, अगदी कांदासुद्धा तिला सोसत नाही, असा रिपोर्ट आला.

तेव्हापासून तिच्या वाटणीची भाकरी माझ्यापुढे येऊ लागली. मी खात गेले. माझ्या अंगावर तुकतुकी आली आणि तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. ती गोठ्यात यायची तेव्हा पाऊलही वाजायचं नाही. मी मान वर करावी, तर ती समोर उभी. डोळे माझ्या तोंडावर. माझ्याबरोबर तिचाही रिकामा जबडा हलत असायचा.

एकदा सिताबाई हलक्या आवाजात तिला म्हणाल्या, "ही तुझी भाकर खात न्हाय पोरी, तुलाच खातीय. येत्या बाजारात हिला काढू."

हर्षालीने हातातला भाकरीचा तुकडा माझ्यापुढे टाकला.

मग माहेरी एका कार्यात तिच्या नकळत शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी तिच्या पोटात गेली. काही म्हणजे काही झालं नाही. परत आली ती याच विचारात. दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिने गोठ्याचं दार आतून लावलं. हातात कात्री होती. गार पातं मानेला लागलं, तेव्हा मी डोळे मिटले. कचकच आवाज झाला. माझे काळे केस तिने त्याच कंपनीला पाठवायच्या पाकिटात भरले आणि ओळखू येऊ नये म्हणून वर आपलं माहेरचं नाव घातलं.

मोबाईलवर रिपोर्ट आला, तो तिने माझ्याजवळ बसून वाचला. ज्वारी बंद. तूर बंद. हिरव्या पालेभाज्या बंद. शेळीचं दूध बंद.

"तुझंच दूध तुला सोसत न्हाय म्हणं," ती म्हणाली आणि हसू लागली. हसू थांबेना. सिताबाई धावत आल्या, तोवर त्याचं रडू झालं होतं. माझी सगळी करडं त्याच दुधावर वाढली होती, मित्रांनो.

सिताबाई तिला लोहाऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. केसांवरून असलं काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तपासण्या केल्या आणि एकेक पदार्थ सुरू करून पाहायला सांगितलं. दूध आणि गहू तिला खरंच बाधले. ते सुटले. बाकीचं हळूहळू ताटात आलं. बाजाराचं नाव सिताबाईंनी पुन्हा काढलं नाही.

मित्रांनो, एखाद्याला अन्न बाधतं म्हणून त्याला हसू नका. पण कुणी त्याचं सगळं ताटच काढून घेऊ लागलं, तर आधी नीट विचारा.

हर्षाली आता जेवते. मात्र प्रत्येक घासानंतर ती क्षणभर थांबते, पोटातून कुणी हाक मारेल म्हणून कान देऊन. मग पुढचा घास घेते. अशा थांबलेल्या माणसाला घाई करू नका.